वापरलेला कॅमेरा घेताना शटरच्या आकड्याचे काय करायचे

वापरलेला कॅमेरा पाहायला आलेला ग्राहक बहुधा पहिला प्रश्न ‘काउंट किती आहे?’ (म्हणजे शटर आजवर किती वेळा चालले, किती क्लिक झाले) असाच विचारतो, आणि समोरच्याने ‘ऐंशी हजार’ म्हटले की त्याचा चेहरा उतरतो. मीही एकेकाळी तसाच होतो. नाशिकमध्ये लग्नाचे काम करणाऱ्या एका छायाचित्रकाराकडून १,१२,००० क्लिक झालेली बॉडी, म्हणजे लेन्सशिवायचा कॅमेरा, मी बराच काळ घुटमळत, किंमत पाडून घेतली आणि ती आजही कुरकुर न करता चालते आहे. उलट माझ्या एका आतेभावाने केवळ ९,००० क्लिकचा जवळजवळ कोरा कॅमेरा आनंदाने घेतला आणि दोन महिन्यांत त्याची बटणे अडकू लागली. तो कॅमेरा रंगपंचमीला रहाडीच्या, म्हणजे रंग खेळण्याच्या मोठ्या हौदाच्या, काठावर रंगाच्या पाण्याने न्हाऊन निघाला होता, हे मागाहून कळले. काउंट हा उपयोगी आकडा आहे, पण तो एकाच भागाच्या झिजेबद्दल बोलतो. त्यामुळे तो कसा मिळवावा, कसा वाचावा आणि त्यापुढे काय तपासावे, हे व्यवहाराला बसण्यापूर्वी ठाऊक असलेले बरे.

झिजते ते नेमके काय

सेन्सरच्या, म्हणजे चित्र टिपणाऱ्या चिपच्या, पुढे अतिशय पातळ पात्यांचे दोन पडदे असतात; हेच शटर. बटण दाबले की पहिला पडदा सरकून सेन्सर उघडा करतो आणि ठरलेला वेळ संपताच दुसरा पडदा त्याच्या मागोमाग येऊन सेन्सर झाकतो. बहुतेक कॅमेऱ्यांत १/२०० किंवा १/२५० सेकंदापेक्षा वेग वाढवला, की पहिला पडदा पूर्ण उघडण्याआधीच दुसरा निघतो आणि दोघांमधली अरुंद फट सेन्सरवरून धावत जाते. १/४००० सेकंदाला ही फट अवघी दोनेक मिलिमीटरची असते. एवढी बारीक फट या टोकापासून त्या टोकापर्यंत सारख्याच रुंदीची राहण्यासाठी दोन्ही पडद्यांचा वेग तंतोतंत जुळावा लागतो. स्प्रिंगा, चुंबके आणि पात्यांचे सांधे हजारो वेळा हालून हळूहळू सैल झाले, की हा मेळ प्रथम वेगवान शटरवर बिघडतो. पुढे तपासणीत याचाच आधार घ्यायचा आहे.

कंपन्या शटरच्या टिकाऊपणाचा जो आकडा देतात, तो प्रयोगशाळेतील चाचणीचा असतो. निकॉन डी९० साठी तो १,००,००० होता, डी७५० साठी १,५०,००० आणि डी८५० साठी २,००,००० आहे. कॅनन ५डी मार्क ३ साठी १,५०,०००, ७डी मार्क २ साठी २,००,०००, तर १डीएक्स मार्क २ साठी ४,००,०००. सोनी ए७ मार्क ३ ची नोंद २,००,००० ची आहे. हा आकडा ओलांडल्याच्या दुसऱ्या दिवशी शटर बंद पडत नाही, तसेच तो पूर्ण होईपर्यंत ते चालेलच असे वचनही कोणी दिलेले नसते. औषधाच्या बाटलीवरील मुदतीसारखे त्याकडे पाहू नये. गाडीच्या टायरशी तुलना जास्त जुळते, कारण टायरप्रमाणेच शटरही झिजणारा आणि बदलता येणारा भाग आहे. सेन्सर किंवा मुख्य बोर्ड गेला, तर मात्र जुन्या कॅमेऱ्याच्या बाबतीत दुरुस्तीचा खर्च कॅमेऱ्याच्या किमतीला भिडतो.

आकडा कमी असला म्हणजे शटर निर्दोष, असेही नाही. निकॉनचा डी६०० सप्टेंबर २०१२ मध्ये बाजारात आला आणि त्याच्या सेन्सरवर, विशेषतः चित्राच्या वरच्या डाव्या भागात, ठिपके जमत असल्याच्या तक्रारी सुरू झाल्या; पुढे २०१४ मध्ये कंपनीने असे कॅमेरे विनामूल्य साफ करून शटर बदलून देण्याची सूचना काढली. डी७५० च्या काही उत्पादनात शटर नीट न चालून चित्राचा भाग झाकला जात होता आणि २०१५ मध्ये त्याबद्दलही सूचना निघाली. अशा मॉडेलच्या बाबतीत बॉडीचा क्रमांक कंपनीच्या सूचनेतील यादीत येतो का आणि येत असल्यास दुरुस्ती झाली आहे का, हे काउंटपेक्षा आधी विचारावे.

स्वतःचा हिशेब

समजा, १,५०,००० च्या शटरवर ६०,००० क्लिक झाले आहेत, म्हणजे कागदोपत्री ९०,००० उरले. मुलांचे वाढदिवस, वणीची वारी आणि वर्षातून एखादी सहल एवढेच टिपणारा माणूस वर्षाला ५,००० छायाचित्रे काढतो असे धरले, तर हा साठा त्याला १८ वर्षे पुरेल, आणि तोपर्यंत त्या कॅमेऱ्याची बॅटरीसुद्धा बाजारात मिळेनाशी झालेली असेल. हिवाळ्यात दर रविवारी पहाटे नांदूरमध्यमेश्वरच्या पक्षी अभयारण्यात जाणाऱ्या पक्षीप्रेमीचे गणित वेगळे असते. सेकंदाला १० छायाचित्रे घेणारा कॅमेरा हाती असला, की एका सकाळी २,००० क्लिक सहज होतात. नोव्हेंबर ते मार्च असे २० रविवार धरले तर वर्षाला ४०,०००, म्हणजे तोच ९०,००० चा साठा सव्वादोन वर्षांत संपतो. दोन दिवसांच्या लग्नाच्या ऑर्डरमध्ये ३,००० क्लिक आणि वर्षाला अशा ३० ऑर्डर असे धरले, तर तो एकाच वर्षाचा प्रश्न उरतो. २०२७ च्या सिंहस्थातील स्नानांच्या गर्दीसाठी कॅमेरा घेऊ इच्छिणाऱ्याने तर शटर बदलण्याचा खर्च पहिल्याच दिवशी किमतीत धरावा. घरगुती वापर करणाऱ्याने ६०,००० च्या आकड्याने घाबरून चांगली बॉडी सोडणे हे, माझ्या मते, नुकसानीचेच आहे.

आकडा कसा मिळवावा

विक्रेत्याने पाठवलेल्या फोटोतील फाइलचा क्रमांक पाहून काउंट ठरवू नये. तो क्रमांक ९९९९ नंतर पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो आणि मेनूतून केव्हाही शून्यावर आणता येतो. व्हॉट्सअॅपवरून आलेल्या छायाचित्रातील आतली नोंदही (कॅमेरा स्वतः फाइलमध्ये लिहितो ती माहिती) गाळली गेलेली असते. आपले स्वतःचे कार्ड बरोबर न्यावे, ते कॅमेऱ्यात घालून तिथेच एक छायाचित्र काढावे आणि ती मूळ फाइल जशीच्या तशी लॅपटॉपवर घ्यावी. निकॉन, पेंटॅक्स आणि सोनीच्या बऱ्याच मॉडेलमध्ये शटरचा आकडा या फाइलच्या आतच लिहिलेला असतो आणि एक्झिफटूल या विनामूल्य साधनाने तो वाचता येतो. निकॉनच्या काही नव्या कॅमेऱ्यांत एकूण छायाचित्रांचा आणि यांत्रिक शटरचा असे दोन आकडे निरनिराळे दिसतात. आपल्याला हवा तो दुसरा. कॅननच्या बहुतेक बॉडी हा आकडा फाइलमध्ये लिहीत नाहीत, त्यामुळे कॅमेरा केबलने संगणकाला जोडून स्वतंत्र सॉफ्टवेअरने तो काढावा लागतो; १डीएक्स मालिकेत मात्र तो मेनूतच दिसतो. फाइलमध्ये बॉडीचा क्रमांकही पुष्कळदा नोंदलेला असतो. तो बॉडीच्या तळाशी छापलेल्या क्रमांकाशी आणि बिलाशी ताडून पाहावा. तिन्ही जुळले नाहीत, तर किंमत कितीही मोहक असो, व्यवहार तिथेच थांबवावा.

आकडा वाचताना तीन गोष्टी लक्षात असाव्यात. मुख्य बोर्ड बदललेला असेल, तर मोजणी नव्याने सुरू झालेली असू शकते, म्हणून गुळगुळीत झालेली पकड आणि उडालेला रंग यांच्याशी ‘फक्त ४,०००’ हा दावा जुळत नसेल तर दुरुस्तीची पावती मागावी. व्हिडिओसाठी वापरलेल्या कॅमेऱ्यात तासन्‌तास चित्रीकरण होऊनही शटरचा आकडा फारसा वाढत नाही. बटणे, मागचा स्क्रीन आणि सेन्सर मात्र तेवढेच राबलेले असतात. आणि इलेक्ट्रॉनिक शटरने काढलेल्या छायाचित्रांत पडदे हलतच नाहीत, त्यामुळे मोठा एकूण आकडा पाहून लगेच दचकू नये.

प्रत्यक्ष तपासणी

ही तपासणी दिवसाच्या उजेडात करावी, हे मी आग्रहाने सांगतो. दुकानातील बऱ्याच ट्यूबलाइट आणि एलईडी दिवे सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतात आणि वेगवान शटरवर त्यामुळे चित्रात उजळ-काळपट पट्टे उमटतात; ते पाहून निरोगी शटर सदोष ठरवणारे लोक मी पाहिले आहेत, आणि खरा दोष ‘दिव्यांमुळे दिसतोय’ म्हणून खपवणारेही. नाशिकच्या महात्मा गांधी रस्त्यावरच्या एखाद्या दुकानात व्यवहार असेल तर सरळ बाहेर यावे आणि सावलीतली एखादी पांढरी भिंत निवडावी. मिररलेस, म्हणजे आत आरसा नसलेला, कॅमेरा असेल तर मेनूत जाऊन शटर पूर्णपणे यांत्रिक करून घ्यावे, नाहीतर ज्या भागाची परीक्षा घ्यायची तो भाग हलणारच नाही.

त्यानंतर शटरचा वेग आपण ठरवायचा आणि आयएसओ (सेन्सरची प्रकाशाला दाद देण्याची पातळी) स्वयंचलित ठेवायचा, म्हणजे उजेडाचा मेळ कॅमेरा घालतो. १/३० पासून सुरू करून १/६०, १/१२५ असे चढत कॅमेऱ्याच्या कमाल वेगापर्यंत प्रत्येक टप्प्यावर तीन-तीन छायाचित्रे काढावीत. भिंत धूसर आली तरी चालते; पाहायचा आहे तो तिचा एकसारखेपणा. शेवटच्या एक-दोन वेगांवर चित्राच्या वरच्या किंवा खालच्या लांब कडेला काळपट पट्टा येत असेल, किंवा एकाच वेगावरची तीन छायाचित्रे कमी-जास्त उजळ येत असतील, तर पडद्यांचा मेळ बिघडू लागला आहे असे समजावे. चारही कोपरे थोडे काळवंडलेले असणे हा लेन्सचा गुण असतो. तो शटरच्या माथी मारू नये. फ्लॅश लावून ठरावीक मर्यादेपेक्षा वेगवान शटर वापरल्यावर येणारी काळी पट्टीही स्वाभाविक आहे. मग सलग छायाचित्रांचा मोड लावून तीस-चाळीस क्लिकचा एक सपाटा घ्यावा आणि कान देऊन ऐकावे: लय मध्येच अडखळते का, एखादे छायाचित्र पूर्ण काळे येते का. कॅननवर एरर २० किंवा एरर ३० हा संदेश उमटला, तर पहिला यांत्रिक बिघाड दाखवतो आणि दुसरा थेट शटरचा. ‘बॅटरी काढून घातली की जातो’ हे उत्तर स्वीकारू नये.

शटर पास झाले म्हणजे काम संपले नाही. लेन्सचे छिद्र बारीक करून, म्हणजे एफ/१६ वर, आकाशाचे छायाचित्र काढून सेन्सरवरचे डाग पाहावेत. धूळ साफ होते, ओरखडा होत नाही. लेन्सवर झाकण ठेवून ३० सेकंदांचे एक छायाचित्र घ्यावे आणि रंगीत ठिपक्यांची गर्दी दिसते का ते मोठे करून पाहावे. कार्डच्या खाचेतील पिना, फ्लॅश बसवायच्या वरच्या खाचेवरचा गंज, तळाच्या स्क्रूंची झिजलेली डोकी, सैल पडलेले रबर या गोष्टी नुसत्या डोळ्यांनी कळतात. सोबत लेन्स मिळत असेल तर तिच्यातून मोबाइलचा टॉर्च आरपार टाकून कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी शोधावी. आपल्याकडच्या पावसाळ्यात कपाटात बंद पडून राहिलेल्या कॅमेऱ्याला ती हमखास गाठते, आणि अशाच कॅमेऱ्याची जाहिरात ‘अगदी कमी वापर’ म्हणून होते. रंगपंचमीचा रंग बटणांच्या फटीत आणि पट्ट्याच्या कड्यांजवळ वर्षानुवर्षे टिकतो, हे आतेभावाच्या अनुभवानंतर मी आवर्जून पाहतो.

किंमत ठरवताना

बोलणी करण्याआधी कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरला फोन करून त्या मॉडेलचे शटर बदलण्याचा मजुरीसह खर्च विचारावा आणि सुटा भाग अद्याप मिळतो का, हेही विचारावे. भाग मिळत असेल, तर काउंटची चिंता एका रकमेत उतरते: आकडा कंपनीच्या मर्यादेच्या निम्म्याच्या आत असेल तर वजावट मागायचे कारण नाही, मर्यादेजवळ असेल तर निम्मा खर्च आणि ओलांडलेली असेल तर जवळजवळ पूर्ण खर्च किमतीतून कमी करून मागावा. हे प्रमाण माझे स्वतःचे आहे, पण आजवर एकाही विक्रेत्याने ते अवाजवी म्हटलेले नाही. सुटा भाग बंद झालेला असेल, तर मात्र जास्त काउंटची बॉडी केवळ हाताळून शिकण्यासाठीच घ्यावी.

पैसे शक्यतो यूपीआयने द्यावेत आणि साध्या कागदावर मॉडेल, बॉडीचा क्रमांक, त्या दिवशीचा काउंट, रक्कम आणि दोघांच्या सह्या एवढे लिहून घ्यावे. सात दिवसांत दोष निघाल्यास परत घेण्याचे कबूल झाले असेल, तर तेही त्याच कागदावर यावे. ते सात दिवस कॅमेरा बॅगेत जपून न ठेवता रोज गोदाघाटावर किंवा गच्चीवर न्यावा आणि शे-दोनशे क्लिक करून भिंतीची चाचणी एकदा सकाळी थंड कॅमेऱ्यावर, एकदा भर दुपारी पुन्हा घ्यावी.