जुने व्हिडिओ गेम ऑनलाइन लिलावात घेताय? अर्धवट लिस्टिंग वाचताना या चुका टाळा

"टेस्ट करायला कन्सोल नाही. फोटोत दिसतंय तसं मिळेल. रिटर्न नाही." सोबत एक धूसर फोटो आणि शीर्षकात 'रेअर' हा शब्द. जुन्या गेमच्या लिलावात अशा लिस्टिंगचा, म्हणजे विक्रीच्या जाहिरातींचा, सुळसुळाट आहे. ईबेचं भारतातलं संकेतस्थळ २०१८ मध्ये बंद झालं, त्यामुळे इथल्या हौशी लोकांना अमेरिकेतले, ब्रिटनमधले नाहीतर जपानमधले लिलाव पाहावे लागतात. परदेशात राहणारे आपले लोक तर थेट तिथेच बोली लावतात. वस्तू हातात घेऊन बघायची सोय नसते. जे काही ठरवायचं ते त्या चार तुटक वाक्यांवरून आणि फोटोवरून.

माझं म्हणणं एवढंच आहे की लिस्टिंगमध्ये जे सांगितलेलं नाही, ते तुमच्या विरोधात जाणारं आहे असं धरूनच बोलीचा आकडा ठरवा. बॅटरीचा उल्लेख नाही? मग ती संपलेली आहे. डिस्कच्या खालच्या बाजूचा फोटो नाही? मग ती घासलेली आहे. त्या हिशोबाने आकडा काढा, आणि तेवढ्यात मिळालं तरच घ्या.

'टेस्ट केलेलं नाही' हे वाक्य सगळीकडे सारखंच समजणं

हे वाक्य कोण लिहितंय ते आधी पाहा. विक्रेत्याच्या नावावर क्लिक केलं की त्याच्या बाकीच्या वस्तू दिसतात. तिथे चहाचे कप, जुने स्वेटर, लहान मुलांची खेळणी आणि मधेच एखादं कार्ट्रिज, म्हणजे गेमची कॅसेट, असेल, तर घर आवरणाऱ्या माणसाने खरंच ते लावून पाहिलेलं नसतं. अशा ठिकाणी चालू वस्तू मिळण्याची बरीच शक्यता असते. पण त्याच यादीत 'टेस्ट केलेले, उत्तम चालतात' असे पाच कन्सोल विकायला असतील, तर या एका गेमसाठी त्याच्याकडे कन्सोल नव्हता हे कसं मानायचं? त्याने लावून पाहिलंय आणि ते चाललेलं नाही, असंच धरा.

भाव ठरवतानाही एक गफलत होते. इतर विक्रेते काय मागतायत ते बघून अंदाज बांधला जातो. मागायला काय, कोणी काहीही मागतं. ईबेवर 'सोल्ड आयटम्स'चा फिल्टर लावा. प्रत्यक्षात किती रुपयांना, किंवा डॉलरला, वस्तू गेली ते तिथे कळतं. त्यातही बंद पडलेल्या किंवा न तपासलेल्या वस्तू कितीला गेल्या तेवढंच बघा. तुमची कमाल बोली तीच.

कार्ट्रिज खरं की नकली, हे पुढच्या लेबलवरून ठरवणं

सगळ्यात जास्त फसवणूक इथे होते, म्हणून जरा थांबून सांगतो. निन्टेन्डो कंपनीच्या गेमबॉय ॲडव्हान्स या हातात धरून खेळायच्या कन्सोलचं 'पोकेमॉन एमराल्ड' घ्या. नकली प्रती उदंड आहेत आणि दुरून पाहिल्या तर हुबेहूब वाटतात. विक्रेता प्रामाणिक असला तरी त्याला स्वतःलाच माहीत नसतं, म्हणून लिस्टिंगमध्ये 'ओरिजिनल' असं लिहिलेलंही नसतं आणि 'रेप्रो', म्हणजे नंतर बनवलेली नक्कल, असंही नसतं.

फोटो मोठा करून बघा. अमेरिकेत विकलेल्या अस्सल प्रतीच्या लेबलवर खाली 'एजीबी-बीपीईई-यूएसए' हा कोड असतो. नकलींवर कित्येकदा दुसऱ्याच गेमचा कोड छापलेला सापडतो. अस्सल लेबलवर दोन आकड्यांचा, कधी त्यापुढे एक अक्षर असलेला, ठसा दाबलेला असतो. तो छापलेला नसतो, कागदात खोल उमटलेला असतो, त्यामुळे समोरून काढलेल्या फोटोत दिसत नाही. उजेड तिरका पडला तरच दिसतो. कवच पारदर्शक हिरवं असतं, अपारदर्शक आलं तर तिथेच सोडून द्या. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे कार्ट्रिजचा तळ. तिथल्या सोनेरी पट्ट्यांच्या जरा वर, आतल्या हिरव्या बोर्डवर 'निन्टेन्डो' असं छापलेलं डोकावतं. नकलींमध्ये ते बहुधा नसतं. मागचा स्क्रू तीन पाकळ्यांचा हवा. साधा फुलीचा दिसला तर निदान कोणीतरी उघडलेलं आहे हे नक्की.

यातली एकच खूण धरून निकाल लावू नका. हल्ली नकली लेबलांवरही ठसा मारतात. तीन-चार खुणा जुळल्या तर पुढे जा.

बॅटरीचा घोळही इथलाच. 'बॅटरी डेड आहे' एवढंच लिहिलेलं असतं आणि लोक घाबरून सोडून देतात, किंवा बेफिकीर राहून घेतात. पोकेमॉनच्या एमराल्ड, रुबी, सफायर यांच्यात बॅटरी फक्त घड्याळासाठी असते. ती संपली तर सुरुवातीला तसा संदेश येतो, पण खेळ सेव्ह होतो. गोल्ड, सिल्व्हर या पोकेमॉनच्या आधीच्या गेममध्ये मात्र सेव्ह त्या बॅटरीवरच टिकतं. ती गेली की कन्सोल बंद केल्यावर सगळं पुसलं जातं. गोल्ड-सिल्व्हरमध्ये सीआर २०२५ सेल असतो, तो सोल्डरिंग करून बदलता येतो. फोन दुरुस्त करणारा कोणीही चांगला कारागीर ते करून देईल. पण तो खर्च बोलीतून आधीच वजा करायला हवा.

'कॅसेट'च्या आठवणीवर जाऊन चुकीच्या देशाचं कार्ट्रिज घेणं

नव्वदच्या दशकात आपल्याकडे टीव्हीला जोडायचे जे व्हिडिओ गेम आले, पिवळ्या कॅसेटवाले, ते बहुतेक जपानी फॅमिकॉमच्या धर्तीवर बनवलेले होते. त्यांना ६० पिनांची कॅसेट लागते. फॅमिकॉम जपानमध्ये १९८३ साली आला. अमेरिकेत हाच कन्सोल एनईएस म्हणून विकला गेला, आणि त्याची कार्ट्रिज ७२ पिनांची आहेत. त्यामुळे लहानपणीच्या त्या मशिनसाठी अमेरिकेतून एनईएसचा गेम मागवला तर तो खाचेत शिरणारसुद्धा नाही. त्यासाठी जपानी फॅमिकॉमचीच कॅसेट हवी.

पुढच्या पिढ्यांमध्ये आकार जुळतो पण कुलूप असतं. प्लेस्टेशन १ आणि २, गेमक्यूब, वी, थ्रीडीएस हे सगळे प्रदेशाला बांधलेले. मूळ गेमबॉय, गेमबॉय ॲडव्हान्स आणि स्विच यांना असं बंधन नाही. पीएस४ आणि पीएस५ च्या डिस्क कुठल्याही देशाच्या चालतात, पण भारतातल्या खात्यावरून घेतलेलं डीएलसी (गेमला जोडायचा डाउनलोड केलेला जादा भाग) अमेरिकी डिस्कशी बहुधा जुळत नाही.

लिस्टिंगमध्ये देश लिहिलेला नसेल तर खोक्यावरचं वयाचं चिन्ह शोधा. ई, टी, एम अशी अक्षरं म्हणजे उत्तर अमेरिका. ३, ७, १२, १६, १८ असे पेगीचे आकडे म्हणजे युरोप. ए, बी, सी, डी, झेड ही सेरोची अक्षरं म्हणजे जपान. रंगीत चौकोन तिरका उभा दिसला तर जर्मनी. लिस्टिंगच्या तक्त्यात 'रिजन' म्हणून जे लिहिलेलं असतं ते अनेकदा कॅटलॉगमधून आपोआप भरलं जातं, विक्रेत्याने ते वाचलेलंही नसतं. तक्ता आणि फोटो यांत तफावत असेल तर फोटोवर विश्वास ठेवा. फोटोच कॅटलॉगचा असेल, म्हणजे खोकं अगदी चकचकीत आणि मागे पांढरीशुभ्र पार्श्वभूमी, तर ती वस्तू तुम्ही पाहिलेलीच नाही.

डिस्कची फक्त खालची बाजू बघणं

'थोडे चरे आहेत' या शब्दांना काही अर्थ नाही. चरे कुठल्या बाजूला आणि कुठल्या दिशेने, हे कळायला हवं. प्लेस्टेशन १ आणि सेगा सॅटर्नचे गेम सीडीवर आहेत. सीडी १.२ मिलिमीटर जाड असते, आणि माहितीचा थर असतो चित्र छापलेल्या बाजूला, वार्निशच्या पातळ लेपाखाली. म्हणून चित्राच्या बाजूचा एक खोल ओरखडा खालच्या दहा चऱ्यांपेक्षा वाईट. खालचे चरे पॉलिश करून घालवता येतात, वरचा थर एकदा निघाला की तो गेम कायमचा गेला. अशी डिस्क दिव्यासमोर धरली की सुईच्या टोकाएवढी भोकं चमकतात.

पीएस२ चे बहुतेक गेम डीव्हीडीवर आहेत. तिथे माहिती दोन थरांच्या मधोमध असते, म्हणून चित्राची बाजू तेवढी नाजूक नाही. पीएस३ पासून पुढे ब्लू-रे. त्यात माहिती वाचायच्या बाजूपासून जेमतेम ०.१ मिलिमीटर आत असते, वर कडक लेप असतो, आणि पॉलिश करणं म्हणजे डिस्क मारणं. 'रिसरफेस केलेली', म्हणजे पॉलिश केलेली, ब्लू-रे कोणी विकत असेल तर घेऊ नका.

एक्सबॉक्स ३६० च्या डिस्कवर मध्याभोवती एक गोल रेघ दिसते का पाहा. डिस्क फिरत असताना कन्सोल हलवला की ती पडते. मध्यापासून काठाकडे जाणारे चरे मशीन बऱ्याचदा सांभाळून घेतं, गोल रेघ नाही.

शीर्षक वाचून थांबणं

'बॉक्स ओन्ली', 'केस अँड मॅन्युअल' हे शब्द वर्णनाच्या शेवटच्या ओळीत लपलेले असतात. नुसत्या रिकाम्या खोक्यांचा लिलाव होतो आणि ती महाग जातात, त्यामुळे चढलेला भाव पाहून 'म्हणजे आत गेम असणारच' असं समजू नका. एकत्र 'लॉट' असेल तर फोटोत जे नावानिशी दिसतंय त्याचीच किंमत धरा. ढिगाच्या तळाशी बहुधा दरवर्षी निघणारे फुटबॉल-बास्केटबॉलचे जुने गेमच असतात. आणि जुने पीसी गेम: २००४ च्या 'हाफ-लाइफ २' पासून कित्येक गेमची किल्ली, म्हणजे गेम चालू करायचा कोड, एकदा ऑनलाइन खात्याला जोडली की दुसऱ्याला वापरता येत नाही. सांभाळून ठेवायला ठीक, खेळायला नाही.

मोघम प्रश्न विचारणं

"चालतो का?" असं विचारलं तर "चालायला हवा" असं उत्तर येतं. त्याचा उपयोग शून्य. असा प्रश्न विचारा की ज्याचं उत्तर फोटोनेच देता येईल: "कार्ट्रिजचा तळ, सोनेरी पट्ट्यांच्या बाजूने, जवळून दाखवाल का?" किंवा "डिस्क दिव्यासमोर धरून एक फोटो टाकाल का?" सौजन्याने लिहा, एका वेळी एकच गोष्ट मागा. लिलाव संपायच्या दोन दिवस आधी विचारा, शेवटच्या तासात नाही. आणि ईबेच्याच संदेशातून विचारा, म्हणजे उद्या तक्रार करायची वेळ आली तर लेखी पुरावा तिथेच असतो. उत्तर आलंच नाही तर बोली लावू नका, कारण एकदा लावलेली बोली मागे घ्यायला मोजकीच कारणं चालतात.

बोली लावताना तुमचा कमाल आकडा एकदाच भरा. ईबे तो गरजेपुरता आपोआप वाढवत नेतं. शेवटच्या मिनिटाला कोणी वर गेलं तर जाऊ द्या, अर्धवट लिस्टिंगसाठी चुरशीत पडायचं काहीच कारण नाही.

जपानच्या याहू ऑक्शनवर मध्यस्थ कंपनीमार्फत घ्यावं लागतं. तिथे 'जंक' म्हणून टाकलेली वस्तू हमीशिवाय विकली जाते, आणि मध्यस्थ ती चालवून बघत नाही. जपानी विक्रेते दोष बारकाईने लिहितात, पण ते जपानीत असतात, म्हणून वर्णनाचं अख्खं भाषांतर करून वाचा. अनेक लिलावांत शेवटच्या पाच मिनिटांत बोली आली की वेळ वाढते. मध्यस्थाचं शुल्क, तिथला टपालखर्च, इकडे पाठवायचा खर्च आणि आपलं सीमाशुल्क हे सगळं धरून आकडा ठरवा.

पार्सल नातेवाइकांच्या घरी पडून राहणं

ही चूक आपल्याच लोकांची खास. न्यू जर्सीतल्या भाच्याच्या पत्त्यावर मागवायचं आणि तो दिवाळीला येईल तेव्हा बॅगेत घालून आणेल, असा बेत असतो. खोकं चार महिने कपाटात तसंच राहतं. ईबेची पैसे परत मिळण्याची हमी साधारणपणे वस्तू पोहोचल्यापासून ३० दिवसांची असते, आणि पार्सल पुढे दुसऱ्या पत्त्यावर रवाना केलं की तीही सहसा उरत नाही. तेव्हा भाच्याला सांगा, "आलं की त्याच दिवशी उघड, उघडताना मोबाइलवर व्हिडिओ काढ, आणि तळाचा, डिस्कचा फोटो मला पाठव." जवळ कोणाकडे कन्सोल असेल तर लावूनही बघायला सांगा.

चालला नाही की लगेच भांडणं, किंवा गप्प बसणं

कार्ट्रिज लावल्यावर पडदा पांढरा राहिला तर आधी ते साफ करा. लहानपणी आपण सगळे कॅसेटमध्ये फुंकर मारायचो. ते करू नका, तोंडातल्या ओलाव्याने पट्ट्या गंजतात. कापसाची काडी आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवून सोनेरी पट्ट्यांवरून फिरवा, काळा मळ निघेल, पूर्ण वाळू द्या आणि पुन्हा लावा. बरेचसे 'मेलेले' गेम एवढ्याने उठतात.

तरीही नाही चाललं, किंवा नकली निघालं, तर मुदतीच्या आत तक्रार नोंदवा. 'रिटर्न नाही' असं लिहिलेलं असलं तरी वर्णनाशी न जुळणारी वस्तू परत करण्याचा हक्क ईबेवर राहतो. फक्त कारण निवडताना 'वर्णनाप्रमाणे नाही' हेच निवडा. 'मन बदललं' असं निवडलंत तर परतीचा टपालखर्च तुमच्या माथी येऊ शकतो, आणि रिटर्न न घेणारा विक्रेता ती विनंती सरळ नाकारेल. लिस्टिंगमधल्या ज्या वाक्याशी वस्तू जुळत नाही ते वाक्य तक्रारीत जसंच्या तसं लिहा आणि उघडतानाचे फोटो सोबत जोडा. विक्रेत्याने स्वच्छ शब्दांत 'बंद आहे, सुट्या भागांसाठी' असं लिहून विकलं असेल तर मात्र, गेम नकली निघाल्याखेरीज, तक्रार टिकणं कठीण.