जुनी शंभर सीसी मोटरसायकल नव्यासारखी कशी करावी: कामाचा क्रम आणि मुंबईची हवा

यामाहा आरएक्स १००, हिरो होंडा सीडी १००, कावासाकी बजाज केबी १००, इंड-सुझुकी अशा १९८०च्या दशकातल्या गाड्या मुंबईत आजही चाळीच्या जिन्याखाली किंवा सोसायटीच्या पार्किंगच्या कोपऱ्यात ताडपत्री पांघरून उभ्या दिसतात. त्यांपैकी बहुतेक दुरुस्त होण्याजोग्या असतात. तरीही हौसेने हाती घेतलेली कामे पुष्कळदा अर्धवट राहतात, आणि त्याला पैशापेक्षा चुकलेला क्रम अधिक कारणीभूत असतो. आधी टाकीला रंग दिला जातो, मग गाडी सुरू होत नाही म्हणून इंजिन उघडले जाते, आणि त्या खटाटोपात नव्या रंगावर पान्ह्याचे ओरखडे व पेट्रोलचे ओघळ येतात. रंग हे जवळजवळ शेवटचे काम आहे. मुंबईत तर त्याची वेळही हवा ठरवते: पावसाळ्यातल्या दमट हवेत लॅकरवर पांढरट झाक येते आणि घासून उघडा केलेला पत्रा एका रात्रीत गंज धरतो. म्हणून जून ते सप्टेंबर इंजिन आणि सुट्या भागांसाठी ठेवावेत आणि रंगाला दिवाळीनंतर हात घालावा.

पान्हा हातात घेण्यापूर्वी कागद पाहावेत. आरसी बुकातील इंजिन क्रमांक आणि चासी क्रमांक गाडीवरील क्रमांकांशी अक्षरशः जुळले पाहिजेत. जुने कर्ज फिटूनही बँकेची नोंद आरसीवर तशीच राहिलेली असेल, तर ती बँकेचे ना हरकत प्रमाणपत्र आणून काढून घ्यावी. दुचाकीची पहिली नोंदणी पंधरा वर्षांची असते. त्यानंतर फॉर्म २५ भरून, गाडी आरटीओत तपासणीला नेऊन आणि पर्यावरण कर भरून पाच-पाच वर्षांसाठी नूतनीकरण करावे लागते. मूळ रंग बदलायचा असेल, तर तीही नोंद आरसीवर करून घ्यावी लागते. कागद नसलेली गाडी स्वस्तात मिळते म्हणून घेऊ नये. ती कितीही चकचकीत केली, तरी रस्त्यावर आणता येणार नाही.

गाडी खोलण्यापूर्वी सर्व बाजूंनी भरपूर छायाचित्रे काढावीत. वायरिंगचा मार्ग, केबल कोणत्या क्लिपमधून जाते, वायसर कोणत्या क्रमाने बसतात हे तेव्हा क्षुल्लक वाटते आणि जोडणीच्या वेळी त्यावाचून अडते. प्रत्येक जोडाचे नट-बोल्ट वेगळ्या पिशवीत घालून त्यावर नाव लिहावे. जागेची अडचण असल्याने सारी गाडी एकदम खोलण्याचा मोह टाळावा. इंजिन, चाके आणि चासी असे तीन टप्पे केले, तर सोसायटीच्या सेक्रेटरींचीही तक्रार येत नाही.

जपानी बनावटीच्या इंजिनांच्या क्लच कव्हरवरील स्क्रू साध्या स्क्रूड्रायव्हरने काढू जाल, तर त्यांची खाच हमखास गोल होते. आदल्या रात्री गंज सोडवणारे तेल लावून ठेवावे, मग योग्य टोकाचा इम्पॅक्ट ड्रायव्हर खाचेत घट्ट बसवून त्यावर हातोड्याचा एक नेमका घाव घालावा. स्क्रू 'कट्' असा बारीक आवाज करून सुटतो. पिस्टन जाम असेल, तर स्पार्क प्लगच्या छिद्रातून डिझेल आणि टू-टी ऑइल (टू-स्ट्रोक इंजिनाचे तेल) यांचे मिश्रण सोडून काही दिवस थांबावे, मग गाडी गिअरमध्ये टाकून मागचे चाक हळूहळू पुढे-मागे हलवावे. किक मारून जबरदस्ती केली, तर किक शाफ्टचे किंवा कनेक्टिंग रॉडचे नवे काम निघते.

टू-स्ट्रोक इंजिनाच्या, वर्षानुवर्षे उभ्या राहिलेल्या गाडीत क्रँकचे (पिस्टनने फिरणाऱ्या मुख्य दांड्याचे) ऑइल सील कडक झालेले असतात, आणि ते बदलल्यावाचून इंजिन पुन्हा जोडून टाकणे हा पैसा पाण्यात घालण्याचा प्रकार आहे. मॅग्नेटच्या बाजूचे सील गेले, की बाहेरची हवा आत शिरते, पेट्रोलचे मिश्रण पातळ होते आणि इंजिन तापून पिस्टन जाम होतो. क्लचच्या बाजूचे गेले, की गिअर ऑइल आत ओढले जाऊन सायलेन्सरमधून दाट पांढरा धूर येतो. सिलिंडर झिजला असेल, तर बोअरिंग करावे, म्हणजे सिलिंडर आतून कापून किंचित मोठा करून घ्यावा, पण आधी पिस्टन विकत घ्यावा. ओव्हरसाइझ पिस्टन साधारणपणे पाव मिलिमीटरच्या टप्प्याने मिळतात, आणि प्रत्यक्ष पिस्टन मापूनच बोअर कापला पाहिजे. होनिंग (आतला शेवटचा बारीक घास) झाल्यावर पोर्टच्या, म्हणजे सिलिंडरच्या भिंतीतील खिडक्यांच्या, कडा किंचित गोल करून घेतल्या आहेत का, हे सिलिंडरमध्ये बोट फिरवून पाहावे. कड धारदार राहिली, तर रिंग तिच्यात अडकून तुटते, आणि घाईत असलेला लेथवाला नेमके हेच विसरतो.

सुटे भाग शोधताना बेअरिंग आणि हत्यारांसाठी नागदेवी स्ट्रीट, वायर व विद्युत सामानासाठी लोहार चाळ आणि जुन्या अस्सल भागांसाठी कुर्ला किंवा चोर बाजार असा फेरा होतो. माझे स्पष्ट मत असे, की नव्या डुप्लिकेट भागापेक्षा जुना, थोडे पोचे पडलेला पण मूळ कंपनीचा भाग दुरुस्त करून वापरणे केव्हाही श्रेयस्कर आहे. डुप्लिकेट मडगार्डचा पत्रा पातळ असतो, त्याची छिद्रे जुळत नाहीत आणि त्याच्यावरचे क्रोम पहिल्याच पावसाळ्यात फुगते. मूळ भागाला तांबे, निकेल आणि मग क्रोम असे थर नीट देऊन घेतले, तर खाऱ्या हवेतही तो टिकतो. मात्र खड्डे घासून काढल्याशिवाय प्लेटिंग करू नये, कारण क्रोम खड्डा झाकत नाही, उलट उठून दाखवते. रबरी वस्तू, केबल, ब्रेक शू आणि टायर मात्र निमूटपणे नवेच घ्यावेत.

टाकी आतून गंजलेली असते, असेच गृहीत धरावे. कॉक काढून छिद्र बंद करावे, सायट्रिक अॅसिडचे कोमट द्रावण भरून ते रात्रभर ठेवावे, मूठभर नट टाकून टाकी हलवावी. नंतर खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुऊन लगेच वाळवावी आणि आत थोडे तेल फिरवावे. हायड्रोक्लोरिक अॅसिड वापरू नये. ते पत्राही खाते. सध्याच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. ते हवेतला ओलावा शोषते आणि जुने रबर फुगवते, म्हणून पेट्रोल पाइप आणि कार्ब्युरेटरच्या सील इथेनॉल सोसणाऱ्या घ्याव्यात. कार्ब्युरेटरमधील जेट (पेट्रोल सोडणारी बारीक छिद्राची नळी) साफ करताना तार घालू नये. छिद्र किंचित मोठे झाले, तरी मिश्रण कायमचे बिघडते.

आता चासी. पावडर कोटिंग मजबूत असते, पण ते सुमारे १८० ते २०० अंश सेल्सिअसला भाजले जाते. त्यामुळे सर्व रबर आणि बेअरिंग आधी काढावीत, आटे व कोन सेटच्या (हँडल फिरते त्या बेअरिंगच्या) वाट्या झाकून घ्याव्यात आणि साधी लांबी (खड्डे बुजवण्याची पुटी) भरलेला भाग भट्टीत देऊ नये. चासी क्रमांकावर जाड थर अजिबात चढू देऊ नये, कारण आरटीओत त्याचा पेन्सिलने ठसा घेतला जातो. टाकी आणि साइड पॅनेल यांना प्रायमर, रंग, स्टिकर आणि वरून क्लिअर कोट या क्रमाने रंगवावे व प्रत्येक थराला पुरेसा वेळ द्यावा.

जोडणी झाल्यावर दिवे लागत नाहीत किंवा ठिणगी पडत नाही, तेव्हा बहुतेक वेळा दोष नव्या रंगाचा असतो, कारण तो चासीतून जाणारा विजेचा मार्ग अडवतो. अर्थिंगच्या बोल्टखालचा रंग खरवडून धातू उघडा करावा, मगच कॉइल आणि इतर भाग बदलण्याचा विचार करावा. बल्ब आणि बॅटरी घेण्यापूर्वी गाडी ६ व्होल्टची आहे की १२, हे पाहावे.

नवा पिस्टन बसवलेली गाडी पहिले पाचशे किलोमीटर सावकाश चालवावी. एकाच वेगात फार वेळ न ठेवता ॲक्सिलरेटर कमी-जास्त करावा आणि वाहतुकीच्या कोंडीत इंजिन तापू लागले, तर बाजूला उभे राहून ते निवू द्यावे. पहिल्या काही फेऱ्यांनंतर, इंजिन पूर्ण थंड असताना, हेडचे नट आडव्या-तिडव्या क्रमाने पुन्हा कसावेत आणि प्लग काढून पाहावा: त्याचे टोक विटकरी असेल, तर मिश्रण बरोबर आहे, पांढरे असेल, तर कुठूनतरी हवा शिरते आहे आणि ती जागा सापडेपर्यंत गाडी पुढे चालवू नये.