गाडीत सीटखालून आणि पायाखालून येणारी धग कमी कशी करायची

मारुतीची इको व्हॅन चालवणाऱ्याला एसी फुल असूनही खालून चटके का बसतात हे वेगळं सांगायला नको, इंजिनच पुढच्या सीटखाली आहे त्याला कोण काय करणार. ओम्नीचंही तेच, 1984 ला मारुती व्हॅन म्हणून आली आणि 2019 ला बंद झाली तोपर्यंत इंजिन सीटखालीच होतं. बोलेरोसारख्या गाडीत इंजिन पुढे असतं पण गिअरबॉक्स दोन सीटमधल्या उंचवट्याखाली, म्हणून घाट चढताना ड्रायव्हरच्या डाव्या पोटरीला झळ लागते. थोडी धग राहणारच, ती शून्य होणार नाही, पण बऱ्याच गाड्यांत निम्माअर्धा त्रास फुकटचा असतो, कुठलं तरी रबर गेलेलं असतं नाहीतर सायलेन्सरची उष्णता अडवणारी शिल्ड पडलेली असते आणि आपण मात्र ॲक्सेसरीजवाल्याकडे जाऊन मॅटखाली चंदेरी शीट मारून येतो. शीट लागतेच असं नाही, आणि लागली तरी ती सगळ्यात शेवटी.

आधी धग नक्की कुठून येते ते बघा

हे दिवसा करू नका. एप्रिल-मे मध्ये जळगाव-अकोल्याकडे उन्हानेच पत्रा इतका तापतो की इंजिनची धग कुठली आणि उन्हाची कुठली काही कळत नाही. सूर्य मावळल्यावर तासाभराने गाडी काढा, अर्धा तास चालवा, जमलं तर एखादा चढ घ्या. निघायच्या आधी फ्लोअरवर, सीटखालच्या झाकणावर, गिअर लिव्हरच्या बाजूला, पॅडलच्या मागे फायरवॉलवर, म्हणजे इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्यावर, मास्किंग टेपचे छोटे तुकडे चिकटवा आणि परत आल्यावर टेम्परेचर गन त्या तुकड्यांवर मारून आकडे लिहून ठेवा. टेप कशाला, तर चकचकीत धातूवर गन मारली की ती खूप कमी आकडा दाखवते, पत्रा हात भाजेल इतका तापलेला असतो आणि गन म्हणते सगळं ठीक. गन नसेल तर हाताचा मागचा भाग पत्र्याच्या जवळ नेऊन अंदाज घ्या, सायलेन्सरच्या पाइपजवळ मात्र असलं काही करू नका.

गाडी बंद केल्यावर पाचदहा मिनिटांत सीट अजून तापली तर घाबरू नका, हवा थांबली की इंजिनची साठलेली उष्णता वर येते, ते नॉर्मल आहे.

हीटरचं गौडबंगाल

हीटर असलेल्या गाडीत हे पहिल्यांदा तपासा कारण यात खर्च जवळपास नाहीच. बऱ्याच गाड्यांत गरम कुलंट डॅशबोर्डमागच्या हीटर कोरमधून (छोट्या रेडिएटरसारख्या जाळीतून) कायम फिरत असतो आणि थंड-गरम ठरवायला आत फक्त एक झडप असते. त्या झडपेची केबल सरकली की नॉब निळ्यावर असला तरी थोडी गरम हवा येतच राहते आणि माणूस एसीचा गॅस भरत बसतो. इंजिन गरम असताना एसी बंद करा, नॉब पूर्ण थंडवर, हवा बाहेरून घ्यायच्या मोडवर, ब्लोअर चालू. बाहेरच्यापेक्षा बरीच गरम हवा आली तर केबल ॲडजस्ट करून घ्या.

आता हीच टेस्ट आतली हवा फिरवायच्या मोडवर करा. तिथे ठीक आणि बाहेरच्या मोडवर सिग्नलला थांबल्यावर गरम, असं असेल तर बॉनेटच्या मागच्या कडेचं रबर बघा. वायपरजवळच्या जाळीतून केबिनला हवा जाते, ते रबर गेलेलं असेल तर इंजिनची गरम हवा सरळ त्या जाळीत ओढली जाते.

भोकं बुजवा

मला विचाराल तर सगळ्यात जास्त फरक इथेच पडतो. इकोत सीट उचलून झाकणाच्या कडेची बीडिंग बघा, वर्षानुवर्षं दबून ती चपटी झालेली असते. कागदाची पट्टी बीडिंगवर ठेवायची, झाकण बंद करून लॉक करायचं आणि पट्टी ओढायची. दाटून आली तर बीडिंग चांगली, सुळकन निघाली तर त्या जागेतून गरम हवा आणि इंजिनचा वास दोन्ही वर येतात. सगळ्या बाजूंनी दर वीतभर अंतरावर असं करत जा, बहुतेक वेळा एखादाच कोपरा गेलेला असतो, पण बदलायची तर पूर्ण बदला आणि उष्णता सोसणारं रबरच घ्या, दरवाज्याचं साधं स्पंजचं बीडिंग लावलं तर ते थोड्या दिवसांत कडक होऊन तडकतं.

इंजिन पुढे असलेल्या गाडीत रात्री बॉनेटखाली मोठा टॉर्च लावून ठेवा आणि आत पॅडलजवळ डोकं घालून बघा, जिथे उजेड दिसेल तिथून हवा येते. वायरिंगचं ग्रोमेट (वायर जिथून आत येते त्या भोकाचं रबर), क्लच केबलचं भोक, आणि एसी किंवा म्युझिक सिस्टीम बसवताना कुणीतरी ड्रिल मारून तसंच सोडलेलं भोक, हे नेहमीचे. गिअर लिव्हरला वरून रेक्झिनचा बूट दिसतो त्याच्या खाली अजून एक रबरी बूट असतो, खरं काम त्याचं, आणि तोच फाटलेला असतो. गिअरजवळ सारखी धूळ जमत असेल तर शंभर टक्के तोच.

काहीजण अगरबत्तीचा धूर धरून हवा कुठून येते ते बघतात. घरात खिडकीला ठीक आहे, पेट्रोलच्या आणि सीएनजीच्या लाइनजवळ विस्तव नेऊ नका.

सायलेन्सर आणि त्याची शिल्ड

गाडी लिफ्टवर घ्या, थंड असताना. मेनिफोल्डपासून, म्हणजे इंजिनातून धूर बाहेर पडतो त्या पहिल्या पाइपपासून, मागेपर्यंत प्रत्येक जोडाला पॅकिंगजवळ काळी काजळी दिसते का बघा, सकाळी स्टार्ट केल्यावर टिकटिक आवाज येऊन गरम झाल्यावर बंद होत असेल तर तेही लीकेजचंच लक्षण. लीकेज असेल तर पुढचं सगळं थांबवा आणि आधी ते करून घ्या. त्यातून येणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला ना रंग ना वास, नुसतं डोकं दुखतं, झोप येते आणि आपल्याला वाटतं उन्हाने झालं. व्हॅनमध्ये लांब पाइप भरून मागचा दरवाजा उघडा ठेवून चालवतात तेव्हाही धूर मागून आत ओढला जातो, तेही टाळा.

मग शिल्ड. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (सायलेन्सरच्या लाइनमधला धूर साफ करणारा डबा) कामाला लागतो तोच 300 डिग्रीच्या आसपास, चढावर त्याच्या बरंच वर जातो, म्हणून कंपनीने त्याच्या आणि फ्लोअरच्या मध्ये पातळ पत्र्याची शिल्ड दिलेली असते. तिचे बोल्ट गंजले की ती खडखडते, आणि खडखड बंद करायचा गॅरेजवाल्यांचा आवडता उपाय म्हणजे शिल्ड काढून फेकणे. तसं करू देऊ नका, मोठा स्टीलचा होज क्लॅम्प टाकून ती परत आवळता येते. नवीन बनवायची तर पातळ ॲल्युमिनियमचा पत्रा घ्या आणि वॉशर किंवा स्पेसर टाकून फ्लोअरपासून बोटभर अंतरावर लावा. हे अंतर महत्त्वाचं. चमकणारा पत्रा उष्णता परतवतो तो मध्ये हवा असेल तरच, फ्लोअरला चिकटवला की तीच उष्णता तो वर पोचवतो. मॅटखालची चंदेरी शीट म्हणूनच फुकट जाते.

मेनिफोल्डला उष्णता अडवणारी कापडी पट्टी गुंडाळायची फॅशन आहे, रोजच्या गाडीला माझा तरी नकार. आपल्या पावसात, त्यातून कोकणात, ती ओल धरून ठेवते आणि आतला पाइप गंजत जातो, कळतं तेव्हा भोक पडलेलं असतं.

कन्व्हर्टरच जास्त तापत असेल तर प्लग, इग्निशन कॉइल बघा. मिसफायर असला की न जळलेलं पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळतं. 2020 नंतरच्या बीएस 6 डिझेलमध्ये डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर, स्वतःला साफ करत असताना खालून जास्त धग आणि जळका वास येतो, तो बिघाड नाही, फक्त तेव्हा वाळलेल्या गवतावर गाडी उभी करू नका.

आता शीट

सीट, कार्पेट काढा, फ्लोअर धुऊन पूर्ण वाळू द्या, गंज असेल तर घासून प्रायमर मारा. साधी डॅम्पिंग शीट ही आवाजासाठी असते, उष्णतेसाठी तिच्यावर बंद छिद्रांचा फोम लागतो, साधारण 6 ते 10 मिलीमीटर, पाणी न पिणारा आणि आग न धरणारा. डॅम्पिंग शीट ब्युटिलची घ्या, डांबराची स्वस्त शीट मेच्या उन्हात वास मारते. थर्मोकोल, जुनी गादी, घरचा स्पंज यातलं काहीही नको. इकोत झाकणाच्या खालच्या बाजूला, म्हणजे इंजिनकडे, फोम चिकटवू नका, गोंद सुटून तो बेल्टवर किंवा मेनिफोल्डवर पडला तर आग लागेल. आणि इंजिनखालून हवा खेळायची जागा बंद करू नका, केबिन थंड होईल पण वायरिंगचं प्लास्टिक भाजून कडक होईल.

झालं की परत रात्री त्याच रस्त्याने, टेपच्या त्याच तुकड्यांवर आकडे घ्या. नव्या गोंदाचा वास दोनचार दिवस येतो, त्यानंतरही येत राहिला तर कुठेतरी शीट गरम भागाला टेकलीये, झाकण उघडून बघा. शिल्डचे बोल्ट आठवड्याभराने एकदा आवळून घ्या, पहिल्या काही गरम-थंड होण्यात ते ढिले पडतात.