दिशांचे गणित: बाण काढत बसू नका, दोन खाती मांडा

भरतीच्या पेपरात दिशेचा प्रश्न दिसला की पोरं लगेच कच्च्या पानावर बाण काढायला लागतात. चौथ्या वळणाला बाण पानाबाहेर जातो, नाहीतर लांब-आखूडचा मेळ बसत नाही. माझ्या शिकवणीत मी आकृती काढू देत नाही. वहीवर दोन खाती मांडायची: एक पूर्व-पश्चिम, दुसरं उत्तर-दक्षिण. पूर्व आणि उत्तर जमा, पश्चिम आणि दक्षिण खर्च.

आपल्या रानातलंच घ्या. आखाड्यावरून, म्हणजे शेतातल्या घरापासून, निघालात आणि सोयाबीनच्या कडेनं 300 मीटर पूर्वेला गेलात. तिथून धुऱ्यानं 250 मीटर उत्तरेला, मग विहिरीपर्यंत 180 मीटर पश्चिमेला, आणि मोटार चालू करून 90 मीटर दक्षिणेला तुरीत. पहिल्या खात्यात 300 वजा 180, शिल्लक 120 पूर्व. दुसऱ्यात 250 वजा 90, शिल्लक 160 उत्तर. आता पायथागोरस: 120 चा वर्ग 14,400, 160 चा 25,600, बेरीज 40,000, वर्गमूळ 200. पाय दुखले 820 मीटरचे, ते अंतर. आखाड्यापासून सरळ रेषेत तुम्ही 200 मीटरवर आहात, ते विस्थापन.

वर्गमूळ काढत बसायची गरज बहुतेक वेळा पडत नाही. 3-4-5, 5-12-13, 8-15-17 ही त्रिकुटं पाठ करा. 120 आणि 160 म्हणजे 3 आणि 4 ची 40 पट, मग उत्तर 5 ची 40 पट.

चालीचा क्रम उलटापालटा केला तरी शिल्लक तीच राहते. त्यामुळे प्रश्न कितीही लांबवलेला असो, वाचता वाचता आकडे टाकत जा.

दिशा शिलकीवरूनच कळते. पूर्व-उत्तर उरलं तर ईशान्य, पूर्व-दक्षिण आग्नेय, पश्चिम-दक्षिण नैऋत्य, पश्चिम-उत्तर वायव्य. पर्यायांतून निवडायला एवढं पुरतं. नेमकी ईशान्य मात्र दोन्ही आकडे सारखे असतानाच. वरच्या उदाहरणात कोन पूर्वेकडून उत्तरेला सुमारे 53 अंश येतो. आणि प्रश्न नीट वाचा. ‘आखाडा त्याच्या कोणत्या दिशेला?’ असं विचारलं तर उत्तर उलटं, नैऋत्य. मार्क इथंच जातात.

‘डावीकडे वळला’ असं आलं तर आधी दिशेत बदला, मगच खात्यात लिहा. दक्षिणेकडे तोंड असलेल्याची डावी बाजू पूर्व. ‘ईशान्येला 10 किमी’ असं तिरपं आलं तर 10 ला 1.414 नं भागा: 7.07 पूर्वेत, 7.07 उत्तरेत.

हीच रीत नकाशावरही चालते. लातूर साधारण 18.4 उत्तर अक्षांश, 76.6 पूर्व रेखांशावर, नांदेड 19.15 आणि 77.3 वर. एक अंश अक्षांश म्हणजे सुमारे 111 किमी. रेखांशाचा अंश आपल्याकडे थोडा आखूड, सुमारे 105 किमी. म्हणजे उत्तरेला 0.75 गुणिले 111, जवळपास 83, पूर्वेला 0.7 गुणिले 105, म्हणजे 73.5. वर्ग करून बेरजेचं मूळ काढलं की 111 च्या आसपास येतं. बसच्या तिकिटावरचे किलोमीटर यापेक्षा जास्तच असणार, ताडून बघा.