फोन अडकतोय की हॅक झालाय? एकेक करून कसं तपासायचं

फोन गरम झाला, मधेच बंद पडला, टाइप करताना अडकला की बहुतेकांच्या तोंडी पहिला शब्द येतो तो व्हायरस. मग घाईघाईत कुठलं तरी क्लीनर नाहीतर अँटीव्हायरस टाकलं जातं, ते जाहिराती दाखवतं, मागे सतत चालू राहतं आणि फोन होता त्याहून स्लो होतो. खरं सांगायचं तर अडकणारा फोन हॅक झालेला असेलच असं नाही, बऱ्याचदा नसतोच. उलट जो मस्त चालतोय पण ज्याला वर्ष-दोन वर्षं सिक्युरिटी अपडेटच मिळालेलं नाही, त्याची जास्त काळजी करा, कारण नीट केलेला हल्ला जाणवतच नाही. म्हणून बिघाड वेगळा तपासायचा आणि सुरक्षा वेगळी.

१. आधी बॅकअप, आणि तो उघडून बघा

बॅकअप चालू आहे असं सेटिंगमध्ये लिहिलेलं असतं तेवढ्यावर विसंबू नका. दुसऱ्या फोनवर किंवा कॉम्प्युटरवर त्याच अकाउंटने लॉगिन करा आणि कालचा फोटो दिसतोय का ते बघा, चार कॉन्टॅक्ट शोधून बघा. ऑथेंटिकेटर ॲप (लॉगिन करताना लागणारे कोड देणारं ॲप) वापरत असाल तर त्याचे कोड दुसरीकडे घेता येतायत का तेही आत्ताच बघून ठेवा, हे हमखास राहून जातं आणि मग रीसेटनंतर, म्हणजे फोन पूर्ण कोरा केल्यावर, स्वतःच्याच अकाउंटमध्ये शिरता येत नाही.

२. बॅटरी आणि जागा

तीस-चाळीस टक्के चार्ज असताना फोन अचानक बंद होत असेल तर पहिला संशय बॅटरीवर घ्या. लिथियम-आयन बॅटरी जुनी झाली की एकदम जास्त करंट देऊ शकत नाही, कॅमेरा उघडला किंवा गेम लावला की व्होल्टेज पडतं आणि फोन बंद होतो. याच कारणामुळे ॲपल जुन्या बॅटरीच्या आयफोनचा वेग मुद्दाम कमी करत होतं, ते त्यांनी डिसेंबर २०१७ मध्ये मान्य केलं आणि मग २०१८ मध्ये आयओएस ११.३ पासून बॅटरी हेल्थचा, म्हणजे बॅटरीची ताकद किती उरलीय त्याचा, आकडा दिसायला लागला. तो ८० टक्क्यांच्या खाली गेला असेल तर नवा फोन घ्यायच्या आधी बॅटरी बदलून बघा. अँड्रॉइडमध्ये काही फोनवरच हा आकडा मिळतो.

मागचं कव्हर उचललं गेलंय, स्क्रीन एका कडेने वर आलीय असं दिसलं तर बॅटरी फुगलीय. पुढच्या पायऱ्या सोडा, चार्जिंग बंद करा, फोन दाबू नका, स्वतः उघडायला जाऊ नका, थेट सर्व्हिस सेंटर गाठा.

स्टोरेजचं थोडक्यात सांगतो, काठोकाठ भरलेला फोन स्लो होणारच, थोडी जागा कायम मोकळी ठेवा.

३. सेफ मोडमध्ये चालवून बघा

ही अँड्रॉइडवाल्यांसाठी सगळ्यात कामाची पायरी आहे आणि फारच कमी लोक वापरतात. पॉवरचा मेनू उघडा, 'पॉवर ऑफ' वर बोट दाबून धरा, बहुतेक फोनमध्ये सेफ मोडचा पर्याय येतो. यात तुम्ही टाकलेली ॲप बंद राहतात आणि फोनची स्वतःची तेवढी चालतात. नेहमी होतो तो त्रास व्हायला जेवढा वेळ लागतो तेवढा वेळ चालवा. त्रास थांबला तर दोष एखाद्या ॲपचा, मग नॉर्मल मोडमध्ये येऊन शेवटी टाकलेल्या ॲपपासून एकेक काढत जा.

पण प्रत्येक वेळी दोष तुम्ही टाकलेल्या ॲपचाच असतो असंही नाही. मार्च २०२१ मध्ये अँड्रॉइड सिस्टम वेबव्ह्यूचं, म्हणजे ॲपच्या आत वेबपेज दाखवणाऱ्या भागाचं, एक अपडेट बिघडलं आणि जगभर लोकांची जीमेलसकट कितीतरी ॲप उघडताक्षणी बंद पडायला लागली, वेबव्ह्यू आणि क्रोम अपडेट केलं की सगळं ठीक. म्हणजे एकाच दिवशी चार-पाच ॲप एकदम क्रॅश होत असतील तर रीसेट मारू नका, प्ले स्टोअरमधून आधी या दोन गोष्टी अपडेट करा.

४. पॅचची तारीख वाचा

अँड्रॉइडवर 'अबाउट फोन' मध्ये अँड्रॉइड व्हर्जनवर टॅप केलं की सिक्युरिटी अपडेटची, म्हणजेच पॅचची, तारीख दिसते. अँड्रॉइड १४ वगैरे जे मोठ्या अक्षरात लिहिलेलं असतं ते महत्त्वाचं नाही, ही तारीख महत्त्वाची. आयफोनवर जनरलमध्ये सॉफ्टवेअर अपडेट बघा.

एका तारखेने काय फरक पडतो ते सांगतो. २०२२ मध्ये पिक्सेल फोनमधली एक चूक समोर आली. हातात आलेल्या लॉक फोनमध्ये स्वतःचं सिम घालायचं, सिमचा पिन तीनदा चुकवायचा, मग सिम अनलॉक करणारा पीयूके कोड टाकून नवा पिन द्यायचा, की लॉक स्क्रीन उघडलीच. ना पासवर्ड, ना बोटाचा ठसा. नोव्हेंबर २०२२ च्या पॅचमध्ये ते बुजवलं गेलं, आणि ज्यांनी तो पॅच टाकला नाही त्यांचा फोन पूर्वीसारखाच छान चालत राहिला. सप्टेंबर २०२१ मधलं आयमेसेजचं (आयफोनच्या मेसेज ॲपचं) प्रकरण तर आणखी भयंकर, सिटिझन लॅब या संशोधन गटाला सापडलं की नावापुरती जिफ (हलणारं चित्र) आणि आतून पीडीएफ असलेली फाइल यायची आणि समोरच्याने काहीही न दाबता पेगासस हे पाळत ठेवणारं सॉफ्टवेअर फोनमध्ये बसायचं. आयओएस १४.८ टाकणं हाच उपाय होता. 'मी कुठल्याच लिंकवर क्लिक करत नाही' ही सवय चांगलीच, पण अशा ठिकाणी ती पुरत नाही.

कंपनीने अपडेट बंद केली असतील तर त्या फोनवर बँकेचं ॲप ठेवू नका असंच माझं मत आहे. नवा घेताना अपडेट किती वर्षं मिळणार ते आधी विचारा, पिक्सेल ८ आणि गॅलेक्सी एस२४ पासून ७ वर्षांचं आश्वासन आहे.

५. ॲक्सेसिबिलिटी आणि डिव्हाइस ॲडमिन

सेटिंगच्या सर्चमध्ये हे दोन शब्द टाका. ॲक्सेसिबिलिटीची परवानगी मिळालेलं ॲप स्क्रीनवरचं वाचू शकतं आणि तुमच्याऐवजी बटणं दाबू शकतं, बँकेचे पैसे चोरणारी ॲप हीच परवानगी मागतात. अँड्रॉइड १३ पासून प्ले स्टोअरच्या बाहेरून टाकलेल्या ॲपला ती सहज मिळत नाही, म्हणून फसवणारे 'रिस्ट्रिक्टेड सेटिंग अलाउ करा' असं फोनवर पायरी-पायरीने करून घेतात. कोणी असं सांगत असेल तर तिथेच कॉल कट करा.

अनइन्स्टॉलचं बटण दाबलंच जात नसेल तर ते ॲप बहुतेक डिव्हाइस ॲडमिन झालेलं असतं, म्हणजे त्याने फोनवर जादा हक्क मिळवलेले असतात, आधी तिथून टिक काढा मग ॲप काढा. आणि हे सेफ मोडमध्ये करा, कारण नॉर्मल मोडमध्ये असं ॲप सेटिंगची स्क्रीन स्वतःच बंद करत राहतं. काढून झालं की पासवर्ड दुसऱ्या डिव्हाइसवरून बदला, व्हॉट्सॲपमधली लिंक्ड डिव्हाइसेस बघा आणि बँकेला कळवा.

६. रीसेट सगळ्यात शेवटी

रीसेटनंतर बॅकअपमधून सगळी ॲप एकदम ओढून घेऊ नका, त्रास देणारं ॲप परत येईल. लागतील तेवढीच एकेक टाका. काहीही न टाकता फोन तरीही रीस्टार्ट होत असेल तर दोष हार्डवेअरचा, तो सेटिंगमधून सुटणार नाही. दुरुस्तीला द्यायच्या आधी बिघाडाचा व्हिडिओ दुसऱ्या फोनवर काढून ठेवा, कारण काउंटरवर तो हमखास दिसत नाही. सिम काढून घ्या, आणि सॅमसंगमध्ये मेंटेनन्स मोड किंवा पिक्सेलमध्ये रिपेअर मोड असेल तर तो चालू करून द्या, म्हणजे स्वतःचा पिन कोणाला लिहून द्यावा लागत नाही.