सात किलोचं गणित आधी रिकाम्या बॅगेपासून

ठाण्याहून मुंबईचं विमानतळ गाठा किंवा उलव्याचं नवं, देशांतर्गत इकॉनॉमी तिकिटावर हातातल्या बॅगेला बहुतेक वेळा 7 किलोचीच मर्यादा असते. म्हणून आधी रिकामी बॅग तोला. कडक कवचाची चाकांची ट्रॉली एकटीच अडीच-तीन किलो खाते, म्हणजे सामानाला उरतात जेमतेम चार. कापडी सॅक किलोभरात बसते. माझं मत विचाराल तर दोन-चार दिवसांसाठी सॅकच घ्या.

घरी वजनकाटा असेल तर बॅग घेऊन उभे राहा, मग बॅगेशिवाय, आणि वजाबाकी करा. नसेल तर कोपऱ्यावरच्या रद्दीवाल्याकडे हुकाचा काटा असतोच. तो हसतमुखाने तोलून देतो.

जीन्स, बूट, जाकीट अंगावरच घालून निघा. चार्जर एकच, सगळ्यांना चालणारा. पॉवर बँक मात्र हातातल्या बॅगेतच हवी, चेक-इनच्या सामानात ती चालत नाही. आणि नातेवाइकांसाठी सुक्या खोबऱ्याच्या वाट्या अजिबात भरू नका: तेलामुळे त्या ज्वालाग्राही धरतात, सुरक्षा तपासणीत काढून घेतात. चकल्या खुशाल न्या, वजनाला हलक्या असतात.