बोटीचा जुना गिअरबॉक्स स्वतः खोलून पुन्हा कसा जोडावा

हौशी माणूस गिअरबॉक्स खोलतो, नवे सील (तेल गळू न देणाऱ्या रबरी कड्या) आणि क्लच प्लेट घालतो, बंद करतो, आणि थोड्याच काळात तोच बिघाड पुन्हा समोर येतो. कारण बिघाड बऱ्याचदा बॉक्सच्या बाहेर असतो. तेव्हा पाना हातात घेण्याआधी तीन गोष्टी बघा.

पहिली, गिअरची केबल. बोर्ग-वॉर्नरच्या व्हेल्व्हेट ड्राइव्हसारख्या हायड्रॉलिक, म्हणजे तेलाच्या दाबावर चालणाऱ्या, बॉक्समध्ये लिव्हर आपल्या खाचेत पूर्ण बसला नाही, तर क्लचला पुरेसा दाब मिळत नाही आणि प्लेट घसरून जळतात. इंजिन बंद ठेवून केबल सोडा, लिव्हर हाताने टोकापर्यंत नेऊन जागा खूण करून ठेवा. केबल जोडल्यावर तो तिथेच पोहोचला पाहिजे. दुसरी, तेल. दुधट गुलाबी दिसलं तर पाणी शिरलंय, आणि ते बहुतेक वेळा ऑइल कूलरमधूनच येतं. असा कूलर दाबाखाली तपासल्याशिवाय किंवा बदलल्याशिवाय पुन्हा लावू नका. तेलाला करपट वास येत असेल तर क्लच प्लेट गेल्या. तिसरी, डॅम्पर प्लेट, म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामधली धक्के शोषणारी स्प्रिंगवाली तबकडी. आयडलिंगला होणारा खडखडाट पुष्कळदा फ्लायव्हीलवरच्या या प्लेटच्या सैल स्प्रिंगांचा असतो.

तरीही बॉक्स काढायचाच ठरला तर नावाच्या पट्टीवरचं मॉडेल, रेशो आणि सीरियल नंबर उतरवून घ्या आणि त्याच मॉडेलचं सर्व्हिस मॅन्युअल मिळवा. बाहेरून सारखे दिसणारे बॉक्स आत वेगळे निघतात.

बोट पाण्यात असेल तर सीकॉक (बोटीत बाहेरचं पाणी घेणारे व्हॉल्व्ह) बंद करा. कपलिंग (गिअरबॉक्स आणि प्रोपेलर शाफ्ट जोडणाऱ्या दोन चकत्या) सोडण्याआधी प्रोपेलर शाफ्टवर क्लॅम्प आवळा. शाफ्ट मागे सरकून बाहेर निसटला तर त्या भोकातून बोटीत पाणी भरतं. कपलिंगच्या दोन्ही तोंडांवर जुळणीची खूण करा. काही बोटींत इंजिनाचे मागचे माउंट गिअरबॉक्सवरच असतात, तिथे इंजिनाला आधी टेकू द्या. बॉक्स एकट्याने ओढू नका, चेनपुली लावा.

आता खोलणी. बाहेरची घाण धुतल्याशिवाय एकही बोल्ट सैल करू नका. टेबलावर पांढरा कागद अंथरून भाग निघतील त्याच क्रमाने आणि त्याच बाजूने मांडा, प्रत्येक टप्प्याला फोटो घ्या. लिव्हरखालची छोटी गोळी आणि तिची स्प्रिंग उडून जाते, म्हणून ते झाकण पारदर्शक पिशवीत हात घालून उघडा. आउटपुटचा, म्हणजे प्रोपेलरकडच्या शाफ्टचा, नट फार घट्ट असतो, कपलिंग लांब दांड्याने अडवूनच तो फिरवा. केसचे दोन भाग वेगळे करताना मध्ये स्क्रूड्रायव्हर खुपसला की तोंडावर ओरखडा पडतो आणि तिथून तेल गळत राहतं. रबरी हातोड्याने चहूबाजूंनी ठोका.

खरा वेळ तपासणीला द्या. स्टीलच्या क्लच प्लेट जाड काचेवर ठेवून फिलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी) वाक बघा. निळसर डाग म्हणजे प्लेट तापलेली, ती बदला. घर्षणाच्या प्लेटची जाडी मॅन्युअलमधल्या आकड्याशी ताडा. बेअरिंग रॉकेलने धुऊन वाळवा आणि हाताने सावकाश फिरवा. हवेच्या झोताने गरागरा फिरवलं तर चांगलं बेअरिंगही खराब होतं. गिअरच्या दातांवर खड्डे, पंपाच्या आत चरे, शाफ्टवर जुन्या सीलने कोरलेली रेघ, सगळं शोधा. त्या रेघेवर नवा सीलही गळतो. तिथे पातळ दुरुस्ती-स्लीव्ह चढवतात. केसला तडा दिसला, किंवा शिमचा प्रीलोड (पातळ चकत्या घालून बेअरिंगवर दिलेला ठरावीक दाब) मोजायची साधनं नसतील, तर तेवढं काम कारखान्यात द्या. त्यात कमीपणा नाही.

जोडताना घर्षणाच्या प्लेट आधी तेलात भिजत ठेवा. बेअरिंग साधारण 100 अंशांच्या तेलात तापवलं तर ठोकाठोक न करता शाफ्टवर बसतं. सीलचं स्प्रिंग असलेलं ओठ तेलाच्या बाजूला. पॅकिंग मूळ जाडीचंच वापरा, कारण काही जागी पुर्जांमधली मोकळीक त्या जाडीवरच ठरते. सिलिकॉन चोपडू नका, त्याचे तुकडे तेलाच्या बारीक वाटा बुजवतात. व्हेल्व्हेट ड्राइव्हचा पंप इंजिनाच्या फिरण्याच्या दिशेप्रमाणे बसवावा लागतो, म्हणून काढतानाच त्याची खूण केलेली बरी. प्रत्येक भाग बसल्यावर शाफ्ट हाताने फिरवून बघा. अडकला तर तिथेच थांबा. बोल्टांनी ओढून तो बसवायला जाऊ नका. शेवटचे बोल्ट टॉर्क रेंचने (आवळण्याचा जोर मोजणाऱ्या पान्याने) आवळा.

बॉक्स परत लावल्यावर कपलिंगची जुळणी बोट तरंगत असतानाच करा, कारण जमिनीवर टेकलेल्या बोटीचा आकार किंचित बदलतो. चार इंची कपलिंगच्या तोंडांमधली फट चारही बाजूंना मोजा. फरक 0.1 मिलिमीटरच्या आत हवा. मॅन्युअलमध्ये सांगितलेलंच तेल भरा, इंजिन थोडा वेळ चालवून बंद करा आणि पातळी पुन्हा बघा. कूलर आणि नळ्या भरल्या की ती खाली जाते. मग बोट घट्ट बांधून कमी वेगात पुढचा आणि मागचा गिअर टाकून बघा. काही तास चालल्यावर हे पहिलं तेल काढून टाका आणि त्यात धातूचा चुरा आहे का ते फडक्यावर ओतून तपासा.